चौदाव्या कुपीचा यजमान

१

फ्रिजच्या दुसऱ्या खणात अठ्ठेचाळीस खाचांचा निळा ट्रे होता. चौदावी खाच रिकामी होती. तिच्या तळाशी लेबलाच्या यंत्रावर छापलेला बोटभर कागद चिकटवला होता:

अकरा वर्षं वाट पाहिली. आता तुम्ही पाहा.

"आठ वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं आणि हे दिसलं," प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "राखीव कुपीही मी कालच शुद्ध करायला म्हणून याच खणात आणून ठेवली होती. तीही गेली."

रुग्णालयात संसर्ग कुठून आला याचा माग काढणं हे माझं काम. चोर पकडणं माझ्या कामात बसत नाही. पण ही कुपी कुणासाठी होती ते ऐकल्यावर मी पिशवी उचलून रस्ता ओलांडला आणि समोरच्या इमारतीत आले.

ती होती मोठ्या डॉक्टरांसाठी. तीस वर्षं लोकांचे गुडघे बदलणाऱ्या आमच्या सर्जनचा स्वतःचा गुडघा वर्षापूर्वी बदलला होता, आणि चार महिन्यांत तो आतून नासला. कृत्रिम सांध्याच्या धातूवर जिवाणू चिकट पडदा विणतात आणि त्याआड बसतात. प्रतिजैविकं त्या पडद्यावर डोकं आपटून परत येतात. दोनदा गुडघा उघडून धुतला. औषधांनी मूत्रपिंडं थकली, जिवाणू थकला नाही. आता एकच उपाय उरला होता, फेज.

फेज म्हणजे जिवाणूंना खाणारा विषाणू. माणसाच्या तो वाटेला जात नाही. पण चोखंदळ इतका, की एका कुळाचा जिवाणू फस्त करेल आणि शेजारच्या कुळाकडे ढुंकूनही पाहणार नाही. बाईंनी आयुष्यभर असे अठ्ठेचाळीस फेज सांभाळले होते. मोठ्या डॉक्टरांच्या जिवाणूचा सायीसारखा थर प्लेटवर वाढवून त्यांनी अठ्ठेचाळीसही थेंब त्यावर टाकून पाहिले. सत्तेचाळीस वाया गेले. चौदाव्या थेंबाखाली थर विरघळून काचेसारखा स्वच्छ गोल पडला.

"शुक्रवारी सकाळी ऑपरेशन आहे," बाई म्हणाल्या. "नवा फेज शोधायला तीन आठवडे लागतील. तेवढे दिवस त्या पायाकडे नाहीत."

"कुपी नाही मिळाली तर?"

"तर शुक्रवारीच ऑपरेशन होईल. फक्त गुडघ्याच्या वर."

२

दार कार्डावर उघडतं. सोमवारी संध्याकाळी पाचनंतर आत तिघेच होते: बाई, ऑपरेशन करणार होते ते धाकटे डॉक्टर, आणि बाईंची तंत्रज्ञ मुलगी. हिचे थेंब प्लेटवर इतक्या सरळ रांगेत पडत, की सगळे तिला ओळंबा म्हणत.

मी बाईंपासून सुरुवात केली.

"त्यांच्यावर राग आहे तुमचा?"

"राग?" बाई हसल्या. "अहो, राग लहान मुलांवर असतो. एका बाईसाठी मी असाच एक फेज शोधला होता. परवानगीचा फॉर्म घेऊन या माणसाकडे गेले. सगळ्यांसमोर फाडला त्यानं. म्हणाला, गटाराच्या पाण्यातलं औषध माझ्या पेशंटला नको. नंतर वर्षभर लोक मला गटारवाल्या बाई म्हणत होते."

"म्हणजे कारण आहे तुमच्याकडे."

"कारण उलटं आहे, ताई. आज तोच माणूस माझ्या गटारातल्या पाण्यावर वाचणार होता. त्याचा पाय वाचला तर माझं आयुष्य कारणी लागलं. ही कुपी मी चोरेन? मी तिला उशाशी घेऊन झोपले असते!"

धाकटे डॉक्टर मला जिन्यातच भेटले. माणूस गोल, घामेजलेला आणि बोलका.

"सर गेले की विभाग माझा, हेच विचारायचंय ना? विचारा. घरी बायकोनंही विचारलं."

"काल इथे कशाला आला होता?"

"कुपी बघायला. ज्याच्या भरवशावर गुडघा उघडायचा ते दिसतं तरी कसं! दिसत काहीच नाही. एवढंसं पाणी. मी बाईंना म्हटलंसुद्धा, यापेक्षा माझ्या सासूबाईंचे डोळ्याचे थेंब जास्त दिसतात."

"सरांशी तुमचं कसं आहे?"

"सात वर्षं त्यांच्या हाताखाली काढलीत. दोनदा चिमटा फेकून मारला, एकदा लागला." त्यांनी भुवईवरचा व्रण दाखवला. "बाकी हात सोन्याचा. नाक तेवढं बारमाही वाहतं. मास्क खाली ओढून शिंकणार, आणि हातमोजा जरा टेबलाला लागला की आम्हाला म्हणणार, घाणेरडे लेकाचे! पण खरं सांगू? त्यांचा पाय मला माझ्या हातानं कापायचा नाहीये. शिकवलंय त्यांनी मला."

ओळंबा नळापाशी हात धूत उभी होती. तिशीची, उंच, कमी बोलणारी.

"सात वाजता मी निघाले," ती म्हणाली. "तेव्हा ट्रे बघितला नव्हता."

"कामाचा क्रम सांगशील?"

"रुग्णाचे नमुने शुक्रवारी आले. गुडघ्यातल्या पाण्याचे तीन, रक्ताचा एक, नाकाचा एक. नेहमीचेच. थर वाढवले, रविवारी थेंब टाकले, सोमवारी फोटो काढले आणि प्लेट्स भट्टीच्या डब्यात टाकल्या."

तिनं कोपरानं नळ बंद केला आणि टॉवेल घेतला. तिच्या आवाजात काहीही हललं नव्हतं. मला काहीतरी खटकलं, पण काय, ते तेव्हा कळलं नाही.

"या फेजची जन्मनोंद कुठे असते?" मी विचारलं.

"जाड वहीत," ती म्हणाली. आणि मी न सांगताच तिनं नेमकं पान उघडून दिलं.

३

फेजला एकटं ठेवता येत नाही. तो वाढतो तो जिवाणूच्या पोटात, म्हणून प्रत्येक फेजबरोबर त्याचा मूळ जिवाणूही गोठवून ठेवतात. प्रयोगशाळेत त्याला यजमान म्हणतात. वहीत दर पानावर यजमान कुठून आला ते लिहिलेलं असतं.

चौदाव्या पानावर बाईंचं बारीक अक्षर होतं. स्त्री, वय एकसष्ट, डावा कृत्रिम गुडघा. फेज तयार. परवानगी नाकारली. पाय काढला. चार महिन्यांनी मृत्यू. तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

"हीच ती बाई? जिचा फॉर्म फाडला?"

"तीच," बाई म्हणाल्या. "तिच्यासाठी केलेला फेज तिला मिळाला नाही, आणि आज त्यांना चालतोय. जुनं रुग्णालय आहे तुमचं. भिंतीत, पाइपात कुठेतरी राहिला असेल तो जिवाणू."

मी मान हलवली, पण मला ते पटलं नाही. हे कूळ भिंतीत राहत नाही. ते माणसात राहतं.

त्या वर्षी आमच्याकडे एकापाठोपाठ सहा गुडघे नासले होते. ही बाई त्यातली चौथी. तपास झाला, थिएटरमधल्या सगळ्यांच्या नाकांचे आणि हातांचे नमुने घेतले गेले. थिएटरच्या मुख्य सिस्टरांच्या बोटाला गळू होतं आणि त्यात याच जातीचा जिवाणू निघाला. त्या काळी आमच्याकडे जातच बघत, कूळ बघायची सोय नव्हती. सिस्टरांना बावीस वर्षांच्या नोकरीतून काढलं. रुग्णांच्या नातेवाइकांनी त्यांच्या दारावर काळं फासलं. पुढे त्यांचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

मी कार्यालयात जाऊन तो अहवाल काढला. चार पानं, मुद्देसूद. पहिलं वाक्य होतं, "थिएटरमधील सर्व कर्मचाऱ्यांचे नमुने घेण्यात आले."

माणसं बारा होती. नमुने अकरा होते.

मी शेवटचं पान उलटलं. खाली सही होती, ती माझीच.

४

बुधवारी सकाळी नऊ वाजता मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. उशांवर टेकून ते वर्तमानपत्र वाचत होते. चादरीखाली एक गुडघा दुसऱ्याच्या दुप्पट दिसत होता.

"चोर मिळाला?"

"अजून नाही."

"मग इथे काय करतेस? धाकट्याचं तोंड बघितलंस? करवतीला धार लावल्यासारखं झालंय. मला कुपी आणून दे." त्यांनी रुमाल काढून नाक शिंकरलं.

"सर्दी?"

"ॲलर्जी. जन्माची."

"अकरा वर्षांपूर्वीचा माझा अहवाल आठवतो?"

"आठवतो की. छान होता. एवढ्याशा मुलीनं रुग्णालयाची अब्रू राखली. बढती मीच द्यायला लावली तुला."

"त्यात मी 'सर्व' लिहिलं होतं. तुमचा नमुना घेतलाच नव्हता."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"मी नाकाच्या नमुन्याची काडी घेऊन आले होते," मी म्हणाले, "तेव्हा तुम्ही हसलात. म्हणालात, उद्या देवालाही हात धुवायला सांगशील. सगळे हसले. मीही हसले आणि तुमच्या नावापुढे बरोबरची खूण केली."

"बरं मग?"

"सिस्टर अकरा वर्षांपूर्वी इथून गेल्या. जिवाणू त्यांचा असता तर त्यांच्याबरोबर गेला असता. तो इथेच आहे. तेव्हाच्या बाराजणांत आज इथे कोण उरलंय? भूलतज्ज्ञ परदेशी. मदतनीस वारले. बाकीचे निवृत्त. धाकटे डॉक्टर तर चार वर्षांनंतर आले."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" त्यांचा आवाज चढला. "पुरावा काय? माझ्या नाकाला हात लावायची परवानगी तेव्हा दिली नव्हती, आताही देणार नाही!"

मी पलंगाच्या पायाशी लटकवलेली फाइल उचलली. ऑपरेशनपूर्वी प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा नमुना घेतात. हा नियम मीच केला होता, त्या सहा गुडघ्यांनंतर. शुक्रवार, सकाळी सात. शिकाऊ परिचारिकेची वेडीवाकडी सही.

सर्जनला विचारावं लागतं. पेशंटला कोण विचारतं?

"परवानगीची गरज नाही, सर," मी म्हणाले. "घेऊन झालाय."

५

नमुना प्रयोगशाळेत पोचला होता. आता त्यावर चौदावा थेंब टाकला की निकाल लागला असता. पण थेंब तर चोराकडे होता.

मग मला वाटलं, ही कल्पना आपल्याआधी कुणाला तरी सुचलेली असणार.

तळमजल्यावर भट्टीवाल्या मावशी वापरलेल्या प्लेट्स वाफेत उकळून मारत होत्या.

"मावशी, सोमवारच्या प्लेट्स किती होत्या?"

"एकतीस. मोजल्याबिगर मी झाकण लावत नाही. एकदा एक राहिली होती तर बाईंनी मला असं बघितलं, की मलाच भट्टीत घालतात की काय!"

वर जाऊन मी सोमवारचे फोटो मोजले, प्लेटमागे एक. बत्तीस.

हरवलेली प्लेट म्हणजे साधी काच नव्हे. त्या स्वच्छ गोलात लाखो जिवंत फेज असतात. ताजा यजमान वाढवून त्यात तो गोल खरवडून टाकला, की दोन दिवसांत कुप्याच कुप्या. चोराला फक्त पाय घालवायचा असता तर त्यानं प्लेट उकळू दिली असती. तिला वाचवणारा माणूस प्रयोगशाळेतला होता, आणि त्याला औषध नष्ट करायचं नव्हतं. काही काळ ओलीस ठेवायचं होतं. बाईंना तर कुपी हवीच होती, आणि धाकट्या डॉक्टरांना ती डोळ्याच्या थेंबांसारखी दिसत होती.

ओळंबा नळापाशी होती. हात धुऊन झाल्यावर तिनं कोपरानं नळ बंद केला. या वेळी मी नळाकडे पाहिलं. साधा, फिरवायचा नळ. थिएटरमध्ये कोपरानं ढकलायचे लांब दांड्याचे नळ असतात. इथे कोपर वापरायचं तर माणसाला जवळजवळ वाकावं लागतं. असं कुणी उगाच करत नाही. लहानपणी घरात कुणाला तरी रोज तसं करताना पाहिलेलं असावं लागतं.

"आई कशी आहे तुझी?" मी विचारलं.

तिनं टॉवेल खाली ठेवला.

"दिवसातून चाळीस वेळा हात धुते," ती म्हणाली. "कातडी राहिलेली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, धुवू नका. तर म्हणते, माझ्या हातून सहाजणांचं वाटोळं झालंय."

"तू इथे नोकरी धरलीस ती याचसाठी?"

"नाही. नोकरी नोकरीसाठीच धरली. सहा वर्षं चौदा नंबर माझ्या डोळ्यांसमोर होता, मी कधी हात लावला नाही. पण रविवारी त्यांच्या नाकाचा नमुना हातात आला, तेव्हा त्यावरही चौदाचा थेंब टाकला. सोमवारी सकाळी मी इन्क्युबेटर उघडला..." तिनं शुद्ध पाण्याच्या बाटल्यांमागून डबा काढला. डब्यात लाल टेप लावलेली प्लेट होती. "बघा तुम्हीच. तुम्हाला वाचता येतं."

प्लेटचे तीन भाग केलेले होते. तिन्ही भागांवर सायीसारखा थर, तिन्हींवर एकेक थेंब चौदा नंबरचा. खाली तिच्या सरळ अक्षरात शब्द होते: गुडघा. नाक. यजमान.

तिन्हींत तितकाच स्वच्छ, तितकाच गोल खड्डा पडला होता. प्रत्येक भागात शेजारी आणखी एक थेंब होता, वेगळ्याच नंबरचा. त्यानं तिन्हींना काही केलं नव्हतं.

"एकच कूळ," मी म्हणाले.

"त्यांच्या नाकातून त्या बाईच्या गुडघ्यात. आणि अकरा वर्षांनी त्यांच्याच नाकातून त्यांच्याच गुडघ्यात. आणि माझी आई हात धुतेय!" पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. "आज दुपारी मी त्यांना पत्र पाठवणार होते. कबुली लिहून द्या, कुपी घ्या. नाहीतर पाय जाऊ दे. त्या बाईचाही गेला होता."

"आणि त्यांनी लिहून दिलं नसतं तर?"

तिनं लाल टेपचं टोक बोटानं दाबलं.

"प्लेट मी का ठेवली ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पुराव्यासाठी ठेवली असं स्वतःला सांगत होते."

"माझी सही माहीत आहे तुला? आईच्या अहवालावरची?"

"पहिल्या दिवसापासून. वही उगाच उघडून दिली नव्हती तुम्हाला." तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "चोर शोधायला तुम्हीच याल, हे मला ठाऊक होतं. वाट त्यांनी एकट्यांनी बघायची नव्हती."

घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"कुप्या काढ," मी म्हणाले.

"आणि त्यांनी काहीच न लिहिता बरं व्हायचं?"

"कुपी आत्ता बाईंकडे जाईल. औषध अडवून न्याय मागायचा नसतो, त्यांनीही औषधच अडवलं होतं. लिहायचं काम माझं आहे. ते अकरा वर्षं राहिलंय."

६

संध्याकाळी चार वाजता मी प्लेट मोठ्या डॉक्टरांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा लावला. कितीही झालं तरी विज्ञानाचा माणूस. दोन मिनिटं त्यांनी ते तीन गोल पाहिले, आणि त्यांचा हात आपोआप नाकाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"कुपी?" त्यांनी विचारलं.

"मिळाली. बाई शुद्ध करताहेत. शुक्रवारी ऑपरेशन ठरल्याप्रमाणे."

त्यांनी श्वास सोडला. मग चेहरा पूर्वपदावर आला. "चोर कोण? पोलिसांत देतो मी त्याला."

"जरूर द्या. चोरीचा अहवाल मी लिहिलाय, नावासकट. तिनं कबूल केलंय, शिक्षा भोगायलाही तयार आहे. फक्त अहवालात चोरीचं कारण लिहावं लागतं. ते लिहिताना ही प्लेट जोडावी लागली."

"आणि मी तक्रारच केली नाही तर?"

"तर दुसरा अहवाल आहे. अकरा वर्षांपूर्वीचा माझा अहवाल मी मागे घेतेय, 'सर्व' हा शब्द खोटा होता म्हणून. त्यालाही हीच प्लेट जोडलीये."

"काय हवंय तुला?" त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "सांग. किती वर्षांची नोकरी उरलीये तुझी? तीही जाईल, कळतंय का?"

"कळतंय. मला काहीच नको. दोन्ही अहवाल दुपारीच समितीकडे गेले. मी तुम्हाला फक्त दाखवायला आले. तेव्हा मी सिस्टरांना दाखवलाही नव्हता."

शुक्रवारी धाकट्या डॉक्टरांनी गुडघा उघडला, जुना सांधा काढला, हाड धुतलं, नवा सांधा बसवला आणि चौदा नंबरचा फेज त्यात ओतला. ते जवळजवळ काहीच दिसत नसलेलं पाणी. नवव्या दिवशी गुडघ्यातल्या पाण्याचा नमुना आला. थरच वाढला नव्हता. बाईंनी मला फोन केला आणि त्या रडल्या.

दहाव्या दिवशी मी सिस्टरांच्या घरी गेले. दार ओळंबानं उघडलं. तिला कामावरून थांबवलं होतं, मलाही. सिस्टर स्वयंपाकघरात नळापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी कोण ते मी सांगितलं. पाठ वळली नाही.

"मी अहवाल आणलाय, सिस्टर. नवा. त्यात तुमचं..."

"तिथे ठेवा. माझे हात ओले आहेत."

मी कागद टेबलावर ठेवले. बसा असं त्या म्हणाल्या नाहीत. मी उभीच राहिले. पाणी वाहत होतं. मुलगी दारात उभी राहून आईच्या हातांकडे बघत होती.

"पाय वाचला त्याचा?" सिस्टरांनी विचारलं.

"वाचला. महिनाभरात चालू लागतील, असं म्हणतात."

"समिती कधी बसतेय?"

"दीड महिन्यानं."

त्यांनी कोपरानं नळ बंद केला. मग वळल्या, आणि लाल, सोललेले हात पदराला न पुसता समोर धरून माझ्याकडे आणि त्या कागदांकडे पाहिलं.

"बरं झालं वाचला ते," त्या म्हणाल्या. "मला बाहेर काढलं तेव्हा उभं करून ऐकवलं होतं. त्यालाही उभं राहता आलं पाहिजे."